हातच्याची वजाबाकी: प्रशिक्षणाच्या हॉलपासून मुलांच्या वहीपर्यंत

काम असे: तिसरी-चौथीला गणित शिकवणाऱ्या ११ शिक्षकांना हातच्याच्या वजाबाकीचे प्रशिक्षण द्यायचे, ते वर्गात उतरते का हे बघायचे, आणि वर्गात उतरले तर मुलांच्या वहीत दिसते का हेही बघायचे. शाळा सहा. चार हिंगणा तालुक्यातल्या, दोन नागपूर शहरातल्या. तुलनेसाठी आणखी दोन शाळा घेतल्या, तिथे प्रशिक्षण दिले नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे सहामाहीपर्यंत हाती जेमतेम तीन महिने. विषय मुद्दाम एकच ठेवला. ‘संख्याज्ञान व संख्येवरील क्रिया’ असा मोठा घास घेतला की शेवटी काय बदलले ते कळत नाही.

२६ जून

पूर्वचाचणीची दहा गणिते काढायला बसलो. पहिलेच लिहिले ५२ − २७ आणि तिथेच चुकलो.

बरोबर उत्तर २५. मुलाने नेहमीची चूक केली, म्हणजे वरखाली न बघता लहान अंक मोठ्यातून वजा केला, तर ७ − २ = ५ आणि ५ − २ = ३, उत्तर ३५. दुसऱ्या मुलाने दशक बरोबर सुटा केला, १२ − ७ = ५ काढले, पण दशकाच्या घरातला ५ कमी करून ४ करायला विसरला. ५ − २ = ३. याचेही उत्तर ३५. पहिल्याला दशक सुटा करायचा असतो हेच ठाऊक नाही, दुसऱ्याचे फक्त शेवटचे पाऊल राहिले आहे. दोघांना एकच औषध देऊन चालणार नाही, आणि वहीत दोघेही सारखेच दिसतात.

एककांच्या अंकांत ५ चा फरक असला की असे होते. म्हणून नियम केला: चाचणीत तो फरक कधीच ५ नको. ५३ − २७ घेतले. बरोबर २६, पहिल्या चुकीला ३४, दुसरीला ३६. उत्तर बघूनच चूक ओळखू येते.

चौथीसाठी शून्याचे ४०० − १६८. बरोबर २३२. ३६८ आले तर लहान मोठ्यातून वजा केला. २४२ आले तर शतक एकच सुटा केला आणि दोन्ही शून्यांचे दहा-दहा केले. ३०० आले तर ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य’. ही चारही उत्तरे तपासणीच्या कागदावर आधीच छापून घेतली. तपासणाऱ्याने बरोबर-चूक करायचे नाही, उत्तर कोणत्या रकान्यात बसते तिथे खूण करायची.

१ जुलै

पूर्वचाचणी घेतली, आणि वाया गेली. कागद वाचवायला गणिते तोंडी सांगितली, ‘त्रेपन्न वजा सत्तावीस’. मुलांनी लिहिले ३५ − ७२, ३५ − २७, ५३ − ७२. ‘एकोणसाठ’ला बऱ्याच जणांनी ६९ लिहिले, कारण कानावर ‘साठ’ पडले आणि नऊ कुठेतरी आहे हे माहीत होते.

यात मुलांचा दोष नाही. मराठीत एकक आधी बोलतो आणि नंतर लिहितो. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना चार. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा राज्यभर थट्टा झाली. समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाचीच अडचण सांगत होत्या. तो वाद इथे नको, पण ज्याने ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिले त्याची वजाबाकी तपासण्यात अर्थ नाही.

४ जुलै

तीच चाचणी छापून पुन्हा घेतली. छपाईचे पैसे वाचवायला गेलो आणि तीन दिवस गेले. छापलेल्या चाचणीत चुका कमी झाल्या, म्हणजे आधीच्या बऱ्याच चुका संख्यावाचनाच्या होत्या. खोडरबर आणायला बंदी केली, चुकले तर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहायचे. मुलांना जड गेले, पण पहिले उत्तर कागदावर राहिले.

७ ते ९ जुलै: साहित्य

दशक-एकक हाताळून दाखवायला आइस्क्रीमच्या काड्या घ्यायच्या होत्या, त्या हिशेबात बसेनात. दोन मुलांत एक संच, संचात दहा-दहाचे नऊ गठ्ठे आणि नऊ सुट्या, म्हणजे ९९ काड्या. असे ९० संच, एकूण ८,९१० काड्या. हजाराला सहाशेच्या आसपास भाव सांगितला. त्याऐवजी इतवारी बाजारातून नारळाच्या हिराचे १८ खराटे आणले, पन्नासाला एक. बुडखा आणि शेंडा सोडून मधल्या भागाचे बोटभर तुकडे केले. तिघांच्या दोन दुपारी गेल्या. कापल्यावर टोके सॅंडपेपरवर घासावी लागतात, नाहीतर हिराचे कुसळ बोटात जाते. काडेपेटीच्या काड्या एका शिक्षकाने सुचवल्या होत्या, गुलासकट. नाही म्हटले.

गठ्ठ्यांना रबरबँड लावले. ही पुढची चूक, ती ऑगस्टात कळली.

१० व ११ जुलै: प्रशिक्षण

दोन दिवस, रोज सहा तास. पहिल्या सत्रात शिक्षकांना ४०० − १६८ दिले. सगळ्यांनी क्षणात सोडवले. मग एका वाक्यात लिहायला सांगितले: मधल्या शून्याच्या जागी ९ कुठून आले? हॉल शांत झाला. ११ पैकी सात जणांनी जे लिहिले त्याचा मथितार्थ ‘तसा नियम आहे’ किंवा ‘शेजाऱ्याकडून उसने घेतले की नऊ होतात’ एवढाच. एका शिक्षिकेने सांगितले की मागच्या वर्षी एका पोराने वर्गात विचारले होते, ‘उसने घेतले तर परत कवा द्याचे?’ तिच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर नाहीच, कारण वजाबाकीत कोणी काही परत देत नाही. जवळचाच दशक सुटा केलेला असतो. त्या दुपारी ‘उसने’ हा शब्द आमच्या बोलण्यातून काढला. ‘सुटे करणे’ ठेवला, तो बाजारातला आहे, मुलांना आधीच येतो.

पहिल्या दिवशी दुपारी जेवणानंतर स्लाइड दाखवल्या. वीज गेली, पंखे थांबले, जुलैतला दमट उकाडा. ते सत्र फुकट गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त काड्या ठेवल्या, ते जमले.

शेवटी अभिप्राय अर्ज भरून घेतले. अकराच्या अकरा ‘अतिशय उपयुक्त’. या कागदाचा उपयोग शून्य. पुढच्यांनी छापूच नये.

२२ ते २५ जुलै: वर्गभेटी

आठ वर्ग पाहिले. सहा वर्गांत काड्या बाहेर निघाल्या, म्हणजे प्रशिक्षण ‘पोचले’ असे कोणीही लिहील. बारकाईने पाहिले तर बहुतेक ठिकाणी काड्या शिक्षकाच्या हातात होत्या. टेबलापाशी उभे राहून गठ्ठा सोडून दाखवला, ‘बघा, एक दशक सुटा केला, किती झाले?’ सगळी मुले एका सुरात ‘बारा’. मग काड्या पिशवीत, फळ्यावर उभी मांडणी, आणि पुढची पाच गणिते जुन्याच पद्धतीने. वहीत काहीच बदललेले नाही.

का ते शिक्षकांनीच सांगितले. तासिका ३५ मिनिटांची, ५० मुलांच्या वर्गात काड्या वाटण्या-गोळा करण्यातच दहा मिनिटे जातात. दोन शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी एकाच खोलीत. आमची आखणी एका इयत्तेची होती, दोन इयत्ता समोर बसल्यावर काय करायचे हे प्रशिक्षणात एकदाही आले नाही. ही चूक सरळ आमची.

उरलेल्या दोन वर्गांपैकी एकात संच कपाटात होते आणि किल्ली रजेवर गेलेल्यांकडे.

३० जुलै

आमचा निरीक्षण तक्ता ३२ मुद्द्यांचा होता: ‘वर्गवातावरण आनंददायी आहे’, ‘शैक्षणिक साहित्याचा वापर केला’ वगैरे. २२ तारखेच्या वर्गाला त्यात भरभरून गुण मिळाले असते, कारण साहित्य वापरले, मुले बोलली. तक्ता फाडला. चार ओळी ठेवल्या:

गठ्ठा कोणी सोडला, शिक्षकाने की मुलाने.
उत्तर आल्यावर ‘कसं काढलं?’ विचारले का, आणि ते बरोबर उत्तरालाही विचारले का.
प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबले. मनात पाच अंक मोजायचे.
चुकीचे उत्तर फळ्यावर राहिले की लगेच पुसले.

दुसऱ्या ओळीत गंमत आहे. फक्त चुकल्यावरच ‘कसं काढलं?’ विचारले तर मुले आठवड्यात ओळखतात की हा प्रश्न म्हणजे ‘तू चुकलास’, आणि लगेच खोडू लागतात. बरोबर उत्तरालाही तोच प्रश्न गेला की खोडणे थांबते.

६ ऑगस्ट: वह्यांची पहिली बैठक

पुढचे हॉल-प्रशिक्षण रद्द. केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेत दीड तास मागून घेतला. प्रत्येकाने पाच वह्या आणायच्या. आणल्या. सुंदर अक्षर, रंगीत समास, सगळे बरोबर. वर्गातल्या पाच हुशार मुलांच्या वह्या!

पुढच्या वेळेसाठी हजेरी क्रमांक ठरवून दिले: ४, ९, १४, १९, २४. पटावर कोणी असो, तीच वही. पट दहाच्या आत असेल तर सगळ्या वह्या.

त्याच वह्यांत दुसरी गोष्ट दिसली. जी थोडी चुकलेली गणिते होती तिथे चूक खोडून फळ्यावरचे उत्तर उतरवलेले होते, वर लाल शाईत ‘बरोबर’. अशा वहीतून शिक्षकालाही काही कळत नाही. चाचणीतला नियम वर्गात नेला: वजाबाकीच्या तासाला खोडरबर पिशवीत, चुकीवर एक रेघ.

११ ते १९ ऑगस्ट: काडी आणि पेन्सिल

काड्यांनी बरोबर काढणारी मुले वहीत चुकत होती. काड्यांचा खेळ संपल्यावर वही उघडायची, त्यामुळे ती दोन वेगळी कामे झाली होती. बदल केला: जोडीतल्या एकाने काड्या हलवायच्या, दुसऱ्याने प्रत्येक हालचालीनंतर तेवढेच लिहायचे. गठ्ठा सुटला की लिहिणाऱ्याने दशकाच्या घरातला ५ खोडून ४ करायचा, मगच पुढे. सुट्या काड्या मोजल्या की एककाच्या घरावर १३. तीन गणितांनंतर अदलाबदल. ३६ लिहिणारी मुले, म्हणजे दशक कमी करायला विसरणारी, यात सगळ्यात लवकर सुधारतात, कारण शेजारचाच ओरडतो, ‘गठ्ठा गेला ना, पाचच कसे?’

तासाला पाचऐवजी तीनच गणिते होतात. ‘पोर्शन मागे पडतो’ ही तक्रार प्रत्येक बैठकीत आली, आणि ती खोटी नाही.

वाटपाचा वेळ वाचवायला संच जोडीच्या नावाने कापडी पिशवीत बांधून दप्तरातच ठेवले. काड्या हरवतात, महिन्यात संचामागे पाच-सहा. खराट्याचे उरलेले तुकडे जपून ठेवा.

रबरबँडचे सांगायचे राहिले. पावसाळी हवेत निम्मे चिकटले, उरलेले ओढताच तुटले. दोरा लावला तर मुलांना गाठ सुटेना. शेवटी पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूब आणून करंगळीएवढ्या रुंद चकत्या कापल्या. दोन वेढे दिले की गठ्ठा घट्ट, आणि पैसे लागले नाहीत.

द्विशिक्षकी शाळांत काड्या दोन्ही इयत्तांना एकाच वेळी दिल्या. तिसरीला ५३ − २७, चौथीलाही आधी तेच. चौथीच्या मुलांना हे ‘येतेच’ असे गृहीत धरले होते. येत नव्हते.

२५ ऑगस्ट

मागच्या आठवड्यात पोळा आणि लगेच तान्हा पोळा. शहरातल्या दोन्ही शाळांत मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी कोणी येत नाही, खेड्यात आदल्या दिवसापासूनच वर्ग रिकामे. पुढे गणपती. या दहा दिवसांत नवीन काही सुरू करू नका, आम्ही केले नाही. तेवढ्यात तीन अंकी गणितांसाठी पैशांच्या चिठ्ठ्या कापून घेतल्या.

३ व ४ सप्टेंबर: शून्याचे गणित

चारशे काड्या कोणी मोजत बसणार नाही. तीन अंकी संख्यांसाठी पैशांच्या चिठ्ठ्या केल्या, शंभर, दहा, एक, तीन रंगांचे कार्डशीट. ए-फोर कागदाचे सोळा तुकडे होतात. काड्या मात्र आधी झाल्याच पाहिजेत. गठ्ठा सोडला की आत दहा दिसतात, शंभराच्या चिठ्ठीत काही दिसत नाही, ती बदलून घ्यावी लागते.

पहिल्या दिवशी प्रत्येक गटाच्या ‘बँके’त एकच्या भरपूर चिठ्ठ्या ठेवल्या. शहरातल्या एका चौथीत मुलीने ४०० मांडले, तिला ८ सुटे हवे होते, तिने शंभराची चिठ्ठी दिली आणि एकच्या शंभर मागितल्या. बँकवाल्याने मोजून दिल्या. पंधरा मिनिटे गेली, उत्तरही बरोबर आले, पण तीन शतक, नऊ दशक, दहा एकक ही मांडणी कुठे दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत दहाच्या दहा आणि एकच्या दहाच ठेवल्या. तोच वर्ग, तेच गणित. मुलीने शंभराची पुढे केली. बँकवाला म्हणाला,

‘माह्याजवळ इतके सुट्टे नाहीत बे, दहा-दहाच्या घे.’

तिने दहाच्या दहा घेतल्या, रांगेत लावल्या, थोडी थांबली, आणि त्यातलीच एक परत बँकेकडे सरकवून एकच्या दहा घेतल्या. लिहिणाऱ्याने ४ खोडून ३ केला. मग दहाच्या चिठ्ठ्या मोजल्या: नऊ. हॉलमध्ये ज्यावर सात शिक्षक अडले होते ते ९ इथे टेबलावर पडले होते. शिक्षिका काही बोलल्या नाहीत, हे आम्ही चार ओळींच्या तक्त्यात ठळक लिहिले.

प्रमाण असे: गटाला शंभराच्या ५, दहाच्या ९, एकच्या ९, बँकेत दहाच्या १०, एकच्या १०. गटामागे ४३ चिठ्ठ्या, २० गटांना ८६०. रंग वेगळे धरून ५५ कार्डशीट. बँकेतली टंचाईच इथे शिकवते, औदार्य दाखवू नका.

१० सप्टेंबर: वह्यांची तिसरी बैठक

क्रमांकाने मागितलेल्या वह्या आल्या, आता चुकाही आल्या. प्रत्येक वहीवर तीनच गोष्टी बोलायच्या: मुलाने काय केले, त्याला काय वाटले असेल, उद्या त्याला कोणते गणित द्याल. तिसऱ्या प्रश्नावर बैठक नेहमी अडते. एका वहीत ३०२ − १४५ = १४७ होते. ‘सराव कमी पडतो’ हे पहिले उत्तर. जरा ओढल्यावर कळले: पोराने एककासाठी थेट शतक सुटा केला, १२ − ५ = ७, शतकाचे २ केले, मधल्या शून्यातून ४ जात नाहीत म्हणून ४ उतरवले. उद्याचे गणित ठरले ३०२ − ५, बँकेसह. दहा सरावगणिते नकोत.

प्रशिक्षणातले एक शिक्षक बदलून गेले. त्यांच्या जागी आलेल्यांना बैठकीत बसवले, पण काड्यांचा भाग त्यांनी केलेलाच नव्हता. दोन तास वेगळे द्यावे लागले.

२४ ते २६ सप्टेंबर: पुन्हा चाचणी

तीच रचना, आकडे बदलून. तुलनेच्या दोन शाळांतही घेतली, आणि तिथेही मुले पुढे गेली होती. साहजिकच आहे, तिथेही शिक्षक शिकवतच होते. ही तुलना नसती तर सगळी वाढ आम्ही आमच्या नावावर लावली असती.

अकरा वर्ग दोन ढिगांत पडले. ज्या पाच वर्गांत ‘गठ्ठा मुलाने सोडला’ आणि ‘चुकीचे उत्तर फळ्यावर राहिले’ या दोन्ही ओळींवर भेटी-भेटीला खूण होती, तिथे आधीच्या ३४ आणि ३६ या उत्तरांमागच्या दोन्ही चुका ठळक कमी झाल्या. उरलेल्या सहा वर्गांची वाढ तुलनेच्या शाळांइतकीच. हॉलमध्ये या अकरांत फरक नव्हता. उलट हॉलमध्ये सगळ्यात चांगली उत्तरे देणारे दोन शिक्षक दुसऱ्या ढिगात आहेत. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चौथीच्या शिक्षकांना ९३ तासांचे गणिताचे आशयप्रशिक्षण दिले होते. शिक्षकांचे ज्ञान वाढले, शिकवण्यात काही बदल झाला, मुलांचे गुण वाढले नाहीत. आमचे वर्ग मूठभर, त्यामुळे जोरात बोलायला नको. पण २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्षाचे ५० तास नुसते हॉलमध्ये भरून काढणार असाल, तर आमचे सहा वर्ग बघून जा.

शून्याची गणिते सगळीकडेच कच्ची राहिली. २४२ या उत्तरामागची चूक पाच चांगल्या वर्गांतही दिसते. चिठ्ठ्या उशिरा आल्या, सणांत आठवडे गेले.

२९ सप्टेंबर: हिशेब

खराटे ९००, कार्डशीट २२०, दोनदा छपाई ४६०, सॅंडपेपर आणि कापडी पिशव्यांचे शिवणकाम ७५०, वाया गेलेले रबरबँड १८०. एकूण २,५१० रुपये. हॉलचे दोन दिवसांचे चहा-जेवण याहून जास्त झाले, ते वेगळे धरले आहे.

वेळ: हॉल १२ तास, बैठका साडेचार तास, वर्गभेटी ३१. पुन्हा करायचे झाले तर हॉलचा एकच दिवस ठेवू, तोही पूर्ण काड्यांचा, आणि वाचलेला दिवस द्विशिक्षकी शाळांच्या भेटींना देऊ.

दिवाळीनंतर करायचे: सहा वर्गांत प्रत्येकी दोन भेटी, आमच्यापैकी एकाने शेजारी बसून, तास शिक्षकांनीच घ्यायचा. ४०० − १६८ पुन्हा, बँकेसह. पिशव्यांतल्या काड्या मोजून ९९ करणे, १४ संचांत कमी आहेत. ट्यूबच्या चकत्या आणखी शंभर कापणे.